कॉइलवर टिकलेला ॲम्प्लिफायर

आमच्या घरात मोटर परत येणं ही सगळ्यात वाईट बातमी असायची. वडील पिंप्राळ्यात दुसऱ्याच्या दुकानात मोटरी भरायचे. बोअरमधून काढलेली जळकी सबमर्सिबल मोटर उघडायची, आतली काळवंडलेली तार ओढून काढायची आणि लोखंडाच्या खाचांमधून नवी तार वेढा-वेढा करून ओवायची, हे त्यांचं काम. मोटर बोअरमध्ये सोडल्यावर चार दिवसांत पुन्हा जळाली, तर शेतकरी ती चिखलासकट दुकानाच्या ओट्यावर आणून आदळायचा. मग ती फुकट भरून द्यावी लागे. तार मालकाची जायची, मेहनत वडिलांची जायची. उन्हाळ्यात केळीला पाणी नसलं की माणूस काय काय बोलतो ते मी लहानपणी त्या ओट्यावर बसून ऐकलेलं आहे. वडील मान वर करत नसत.

आई घरी जुन्या तारेवरचं प्लास्टिक सुरीने सोलायची. सोललेलं तांबं मालकाला परत जायचं. तिच्या बोटांना कायम बारीक चिरा असायच्या आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळताना मिठाचं पाणी त्या चिरांत गेलं की ती हात झटकायची. रॉकेलने हात धुवूनही वडिलांच्या अंगाला जळक्या तारेचा वास राहायचा. ज्या दिवशी ते हात न धुता उंबऱ्यावर बसायचे त्या दिवशी आई विचारायची, "परत उनी का?" आणि ते नुसती मान हलवायचे.

मोटर परत का यायची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तार ओवताना खाचेच्या कडेने तिचं आवरण कुठेतरी खरवडलं जातं आणि शेजारचे दोन वेढे एकमेकांना टेकतात. हा दोष दुकानात दिसत नाही. मेगर, म्हणजे आवरण तपासायचा मीटर, लावला तर तो तार मोटरीच्या लोखंडी अंगाला लागली का एवढंच सांगतो. वाइंडिंग पाण्यात बुडवून ठेवलं तरी तेवढंच कळतं. आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे. रोटर, म्हणजे आत फिरणारा भाग, काढून ठेवायचा, उरलेल्या रिकाम्या स्टेटरला, म्हणजे तार भरलेल्या बाहेरच्या भागाला, थोडा करंट द्यायचा आणि आत बेअरिंगचा छर्रा टाकायचा. छर्रा आतल्या भिंतीवरून गरगर फिरला की मोटर बरोबर. पण दोन वेढे टेकलेले असले तरी छर्रा फिरतोच. मग मोटर बोअरमध्ये जाते आणि खरं काय ते तिथे खाली, पाण्यात कळतं.

मला बारावीनंतर धुळ्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजचं गेट कुणी आतून पाहिलेलं नव्हतं, हे मी अजून अभिमानाने सांगते. भावकीत विचारायचे, "पोरीने रेडिओ दुरुस्त करायचे का?" मी म्हणायचे, "करीन की. तुमचा बंद असला तर आणा." शिकले, पास झाले, जळगावला परत आले आणि नोकरी लागली ती पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या एका शेठजींच्या दुकानात, बिलाच्या काउंटरवर. शेठजी राजस्थानातले, जळगावात दुसरी पिढी. मला घेताना म्हणाले, "इंजिनिअर आहेस ना बेटा, मग बेरीज चुकणार नाही."

बेरीज चुकली नाही. पण मी त्यांना एक दिवस सांगितलं की भरलेली तार न उसवता वेढ्यांचा दोष दाखवणारी मशीन बनवता येईल. मोटरीत तीन वाइंडिंग असतात. तिघांना अगदी सारखा करंट द्यायचा, हळू लहरींचा, मग जलद लहरींचा, आणि प्रत्येकावर किती व्होल्टेज पडतं ते मोजायचं. ज्याच्यात वेढे टेकलेत ते वाइंडिंग कमी दाखवणार. शेठजींना परत येणाऱ्या मोटरींचा त्रास होताच, कारण शिव्यांतला वाटा तार विकणाऱ्यालाही मिळतो. त्यांनी दुकानामागच्या वर्कशॉपमध्ये मला एक टेबल दिलं आणि अट घातली. "धुळ्याचे आपले डीलर भाऊ आहेत. त्यांच्या दुकानात, त्यांच्या मोटरवर, त्यांच्या लोकांसमोर चालून दाखव. चालली तर तू मशीनच बनव. नाही चालली तर काउंटर, आणि पुन्हा हा विषय नाही."

मशीनचं काळीज म्हणजे एक पॉवर ॲम्प्लिफायर. गाण्याचा ॲम्प्लिफायर स्पीकरला चालवतो, तसा हा मोटरीच्या वाइंडिंगला चालवणार. फरक एवढाच की मला ठरावीक करंट हवा होता, म्हणून बाहेर किती करंट जातोय ते तो सारखा मोजायचा आणि कमी-जास्त करायचा.

वर्कशॉपमध्ये कुठलंही यंत्र तपासायचं तर बादलीवर. गिझरचं जुनं एलिमेंट पाण्याच्या बादलीत सोडलेलं असायचं, तोच आमचा लोड. मी ॲम्प्लिफायर बादलीला जोडला. मशीन लाइनमधून किती ओढते ते दिसावं म्हणून सिरीजमध्ये लावलेला बल्ब जेमतेम लाल झाला, करंट सांगितला तेवढाच गेला, तासाभराने पाणी कोमट झालं. शेठजींनी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी बादलीच्या जागी रिकामा स्टेटर लावला. बटण दाबताच स्टेटरमधून शिट्टी निघाली, दात आंबतील अशी बारीक. सिरीजचा बल्ब भक्क पेटला. मी हात पुढे नेईपर्यंत फट्कन आवाज झाला आणि दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर गेले.

वर्कशॉपमधले जुने वाइंडर, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, चष्म्यावरून बघत म्हणाले, "बादलीवर इंजिनिअर, मोटरवर नापास."

मी म्हटलं, "फेरपरीक्षा असते नाना."

बोलले खरी, आणि जळके ट्रान्झिस्टर काढायला बसले. काउंटरवरची बिलाची मशीन तिथून सरळ दिसायची.

काय होत होतं ते समजायला मला पुस्तक काढावं लागलं, पण सांगायला पुस्तक लागत नाही. शेताच्या टोकाला पाणी पोचलं की तिथला माणूस ओरडून सांगतो, बंद कर. मोटरीजवळच्याला हाक उशिरा ऐकू येते. तोवर वाफा फुटलेला असतो. तो बंद करतो, मग पाणी कमी पडल्याची हाक येते, तीही उशिरा. पाण्यातलं एलिमेंट लगेच उत्तर देतं. कॉइल, म्हणजे मोटरीचं वाइंडिंग, तसं देत नाही. तिच्यात करंट हळू चढतो, हळू उतरतो. माझा ॲम्प्लिफायर विचारी, पोचला का करंट? उत्तर यायच्या आत आणखी ढकली, आणि उत्तर आलं की घाबरून ओढून घेई. ही ढकलाओढ सेकंदाला हजारो वेळा. ती शिट्टी म्हणजे हीच.

मी दोन गोष्टी केल्या. आउटपुटवर एक रेझिस्टर आणि कपॅसिटर आडवा टाकला, म्हणजे फार जलद लहरींना कॉइल जरी आडवी आली तरी ॲम्प्लिफायरला थोडा साधा लोड दिसत राहील. दुसरं महत्त्वाचं. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटपासून त्याच्याच इनपुटपर्यंत एक कपॅसिटर आणि रेझिस्टरची आतली वाट काढून दिली. जलद हालचालीचं उत्तर त्याने कॉइलला विचारायचंच नाही, घरातल्या घरात घ्यायचं. हळू गोष्टी तेवढ्या कॉइलला विचारायच्या. मग मशीनमधून चौकोनी लहरी सोडल्या आणि लहरींची रेघ दाखवणाऱ्या छोट्या स्कोपवर बघत बसले. आधी प्रत्येक कोपऱ्यापाशी रेघ थरथरत खूप वेळ हलायची. कपॅसिटर बदलत गेले तशी थरथर कमी झाली आणि शेवटी कोपऱ्यावर एक लहान उंचवटा उरला. शिट्टी गेली.

ट्रान्झिस्टर मात्र जातच राहिले.

माझ्या हातात मशीन दिवसभर चालायची. मी जेवून परत आले की ट्रान्झिस्टर गेलेले असायचे. बहुतेक वेळा नाना टेबलाशी असायचे. शेठजी आत डोकावून म्हणाले, "बेटा, ही रोजची होळी कशाला?" आणि धुळ्याचा सोमवार त्यांनी पक्का करून टाकला. माझ्या मनात नानांबद्दल वाईट यायला लागलं. ह्यांना नकोच असेल मशीन. मशीन आली की छर्रा गेला, आणि छर्रा गेला की नानांना विचारणार कोण?

मी एक दिवस डबा घेऊन बाहेर गेलेच नाही. कपाटाच्या आडोशाला उभी राहून बघत होते. नानांनी स्टेटर पुढ्यात ओढला, मशीनच्या तारेचा एक चिमटा पक्का लावला, दुसरा चिमटा उचलला आणि टर्मिनलवर नुसता टेकवून उचलला. टिक. पुन्हा टिक. निळी ठिणगी उडाली. लगेच फट्.

"नाना, हे काय केलं?"

"काय केलं? ठिणगी पाहिली."

"करंट चालू होता."

"चालू असल्याशिवाय ठिणगी दिसती का? शिकलेली ना तू?"

मला हसू आलं आणि रडूही. कारण हे मी जन्मापासून पाहत होते. खानदेशातला कुठलाही वाइंडर चिमटा सरळ लावत नाही. आधी दोनदा टेकवून उचलतो आणि ठिणगीच्या रंगावरून, आवाजावरून वाइंडिंगचा अंदाज घेतो. बॅटरी असो, वेल्डिंग असो, हात आपोआप तसाच जातो. वडीलही तसेच करायचे. कॉइलमधला करंट असा एकदम तोडला की कॉइल उलटा धक्का मारते, आणि इकडे ॲम्प्लिफायर, करंट का जात नाही म्हणून, पूर्ण जोर लावून बसलेला असतो. पुन्हा चिमटा टेकला की दोन्ही एकदम अंगावर. ट्रान्झिस्टर बिचारा काय करेल.

शेठजी म्हणाले, "पाटी लाव. चिमटा उचलू नये."

मी म्हटलं, "शेठजी, पाटी वाचून कुणी हाताची सवय सोडत नाही. मशीनलाच हे सोसता आलं पाहिजे."

"सोमवार आहे."

"माहीत आहे."

मी आउटपुटपासून वरच्या आणि खालच्या सप्लायला जाड डायोड बसवले, म्हणजे कॉइलने मारलेला धक्का ट्रान्झिस्टरच्या अंगावर न येता सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरांत जिरेल. चिमटा उघडा पडला की ॲम्प्लिफायर जो पूर्ण जोरावर चढून बसायचा, तिथेही त्याला मर्यादा घातली. मग नानांना म्हटलं, "आता बघा ठिणगी. पोटभर बघा."

त्यांनी आनंदाने बघितली. फट् झालं नाही. "आता जमलं खरं," म्हणाले, आणि दुपारी मला स्वतःच्या डब्यातली वांग्याची भाजी दिली.

सोमवारी शेठजींच्या गाडीत मागच्या सीटवर मशीन मांडीवर घेऊन बसले.  पारोळा गेल्यावर शेठजी म्हणाले, "भाऊ मोठं गिऱ्हाईक आहे. उलट बोलू नको."

धुळ्यात भाऊंच्या दुकानात गल्लीतले सगळे वाइंडर जमलेले होते. चहाचे ग्लास, मागे रचलेल्या मोटरी, वर करकरणारा पंखा. मी आम्ही नेलेला रिकामा स्टेटर लावला. चालला. तीन आकडे आले, सारखे.  भाऊ खुर्चीतून उठले, उंच, जाडजूड माणूस. कोपऱ्यातली एक पूर्ण बंद मोटर पायाने पुढे सरकवली.

"उघडीसन तपासाले माले बी येस, बय," ते म्हणाले. "हाई बंद मोटर लाव. रोटरसकट."

 आमच्याकडे सगळी तपासणी रिकाम्या स्टेटरवर होते, छर्रा आत टाकायचा असतो म्हणून. मीही सगळं त्याच्यावरच बसवलं होतं. आत रोटर असला की मधली पोकळी लोखंडाने भरते आणि तीच कॉइल कितीतरी पट जड होते. हे मला कॉलेजात परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. टेबलावर मात्र एकदाही मनात आलं नाही.

"लगा दे, बेटा," शेठजी म्हणाले.

सिरीजचा बल्ब मध्ये घेतला, करंट सगळ्यात कमी ठेवला, बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग शिट्टी आली, आधीच्यापेक्षा जाड. बल्ब लाल, मग पिवळा. मी बटण बंद केलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "जळगावनी शिट्टी शे." सगळे हसले. दुसरा म्हणाला, "गाडी सुटी गयी वाटस."

शेठजी माझ्या कानाशी आले. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "ऐक. सांग त्यांना, मशीन रिकाम्या स्टेटरसाठीच आहे. तेवढ्यावर दाखवली, चालली. मी सांभाळून घेतो. पुन्हा लावलीस आणि जळाली, तर मग माझ्या हातात काही नाही."

त्यांचं चूक नव्हतं. ते मला वाचवतच होते. पण रिकाम्या स्टेटरची मशीन घेऊन हा माणूस काय करणार होता? बोअरमध्ये मोटर रोटरसकट जाते.

मी भाऊंकडे वळले. "भाऊ, दोष मशीनचा आहे, मोटरीचा नाही. मला तासभर द्या. इथेच दुरुस्त करते."

"इथे?"

"इथेच. सोल्डरिंगला एक पॉइंट द्या फक्त."

शेठजी बाहेर जाऊन उभे राहिले.

मी काउंटरवर मशीन उघडली. घोळका पांगेल असं वाटलं होतं, उलट जवळ आला. एक म्हातारा अगदी काउंटरवर ओणवा झाला. मी म्हटलं, "पंखा बंद करा बाबा, सोल्डर गार होतंय." पंखा बंद झाला. घाम डोळ्यांत जायला लागला, पण सोल्डर नीट बसू लागलं.

कॉइल जड झाली तर आतली वाट लवकर सुरू झाली पाहिजे, म्हणजे कपॅसिटर मोठा हवा. किती मोठा, ते अंदाजाने ठरवायचं नव्हतं. मोटर जोडलेली ठेवली, नावापुरता करंट, चौकोनी लहरी, समोर स्कोप. पहिला कपॅसिटर बदलला. रेघ अजून थरथरत होती, कमी, पण थांबत नव्हती. त्याहून मोठा लावला. थरथर दोन-चार हेलकाव्यांत विरली. हे पुरेसं होतं का? रिकाम्या स्टेटरला पुरेसं म्हटलं असतं. इथे मला भरवसा नव्हता, म्हणून त्याच्या जोडीला आणखी एक टाकला. आता हेलकावा राहिला नाही, पण कोपरे फार गोल झाले. म्हणजे ॲम्प्लिफायर शांत, पण सुस्त. सगळ्यात जलद लहरीला करंट पुरता पोचेना. एक तर ती जलद लहर ठेवायची आणि काठावर चालायचं, नाहीतर ती सोडून द्यायची. मी ती सोडली. खालच्या लहरींवरही वेढ्यांचा दोष दिसतो, आकडा थोडा कमी ठळक येतो एवढंच. काठावरची मशीन मला कुणाच्या दुकानात ठेवायची नव्हती. मग रिकामा स्टेटर पुन्हा लावून पाहिला, त्याच्यावरही शांत. रोटरसकट मोटर पुन्हा जोडली.

"शेठजी, आत या," मी हाक मारली. ते आले, दारातच थांबले.

बटण दाबलं. मी शिट्टीची वाट बघत होते. नुसता हळू घुमणारा आवाज आला, मोटरीचा असतो तसा. बल्ब पेटला नाही. करंट एक पायरी वाढवला, मग आणखी एक. ट्रान्झिस्टरांच्या मागच्या हीटसिंकच्या पत्र्यावर बोटाची मागची बाजू टेकवली, कोमट. सिरीजचा बल्ब काढून टाकला आणि सरळ लाइनवर घेतली. बल्ब काढताना शेठजींनी मान दुसरीकडे वळवली होती.

भाऊ पुढे आले. माझ्या हाताखालून चिमटा घेतला आणि मी काही म्हणायच्या आत टर्मिनलवर टेकवून उचलला. टिक. गल्ली बघत होती म्हणून असेल, ते थांबेनातच. टिक, टिक, टिक. प्रत्येक ठिणगीला मशीनवरच्या करंट-मीटरचा काटा उडी मारायचा. मी हीटसिंकवर बोट टेकवून उभी होते. त्यांनी शेवटी चिमटा घट्ट लावला. काटा सरळ आपल्या जागी येऊन थांबला.

तीन वाइंडिंग मोजली. सारखी.

भाऊंनी मागून दुसरी बंद मोटर काढली. दिसायला अगदी तशीच, ताजा रंग. "हाई लाव." लावली. शिट्टी नाही. पहिलं वाइंडिंग, दुसरं वाइंडिंग सारखं. तिसरं कमी. मी पुन्हा मोजलं, चिमटे उलटे लावून मोजलं. कमीच.

"भाऊ, ह्याच्या तिसऱ्या वाइंडिंगमध्ये वेढे टेकलेत."

त्यांनी गल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "तुले समजस का, ते पाहत व्हतो." मग शेठजींकडे वळून, "शेठ, माले दोन मशीन पाहिजे. हाई पोरच बनवशे ना?"

शेठजी म्हणाले, "तीच."

परतताना गाडीत शेठजींनी विचारलं की रोटरचं आधी का नाही लक्षात आलं. मी म्हटलं, आपण सगळे रिकाम्यावरच तपासतो म्हणून.  ते म्हणाले, उद्यापासून वर्कशॉपमध्ये एक बंद मोटर कायम टेबलावर ठेव, बादली उचलून टाक.

त्यानंतर मी काउंटरवर बसले नाही. ती मशीन आज धुळ्यात आहे, चाळीसगावात आहे, जळगावच्या मोटर भरणाऱ्या दुकानांत आहे. तिच्यातला ॲम्प्लिफायर रिकाम्या स्टेटरवर आणि रोटरसकट मोटरवर, दोन्हींवर स्थिर चालतो. तो मी बसवला आहे.